एका दमाचा गण

माझ्या भाच्याचा, सागरचा फोन आला तेव्हा मी गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत उभा होतो. सकाळचे साडेदहा वाजले असतील. "मामा, दादा गेले," एवढंच तो म्हणाला. मागे कुणीतरी रडत होतं, पण माझा कान दुसऱ्याच आवाजाकडे लागला होता. त्या घरात वर्षभर ऑक्सिजनचं मशीन चालू असायचं. फोन केला की आधी त्याची घरघर यायची आणि मग माणसांची बोलणी. त्या दिवशी घरघर नव्हती... मशीन बंद केलं होतं. गाडी लागली, मी चढलो, खिडकीशी बसलो आणि कागल येईपर्यंत माझ्या मनात एकच शब्द फिरत राहिला: सुटले. आपल्या माणसाच्या मरणावर पहिला शब्द हा यावा, याची मला लाज वाटली. पण आला तो तोच.

कोल्हापूरपासून चंदगडपर्यंत गावोगावी लोक ज्यांना शाहीर ईश्वरा म्हणून ओळखत, तेच सागरचे दादा, म्हणजे त्याचे वडील, आणि माझे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, शालनअक्काचे यजमान. त्यांना जाऊन सव्वा महिना झाला. त्यांच्यावर जे काही छापून आलं, त्या प्रत्येकात त्यांच्या गाण्यातल्या 'थांब्या'चा उल्लेख आहे. ओळीच्या मध्येच ते थांबत, तुणतुणं तेवढं वाजत राही, हजारभर माणसं श्वास रोखून बसत आणि मग ते पुढचा शब्द टाकत. त्या थांब्याबद्दल मला आज लिहायचंच आहे. कारण त्याचं कौतुक सगळ्यांत आधी मीच लिहिलं होतं, आणि ते साफ चुकीचं होतं.

अक्काला बघायला ते आमच्या गावी आले तेव्हा मी कॉलेजात होतो. पावणे माणसं चहा पिऊन बसली होती. गाणारा जावई ही कल्पनाच आमच्या वडिलांना रुचत नव्हती. त्यांनी तोंडावर विचारलं, "गाण्यावर पोट भरतंय व्हय?" दाजी जराही न बावरता म्हणाले, "पोटाला फाउंड्री हाय की. गाणं सुट्टीचं." एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते नुकतेच लागले होते. भट्टीतला लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओततात, भाग थंड झाला की साचा फोडतात आणि भागाला चिकटलेली वाळू घासून काढतात. हे घासायचं खातं म्हणजे फेटलिंग. दाजी तिथं. तोंडाला रुमाल बांधून दिवसभर ग्राइंडर चालवायचा. संध्याकाळी घरी आले की भुवया आणि पापण्या पांढऱ्या झालेल्या असत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला अक्का हसत हसत आईला सांगत होती, "ह्येंच्या शर्टातनं परातभर धूळ निघतीया बघ." आम्हीही हसलो होतो.

मला चंदगड तालुक्यात शिक्षकाची नोकरी लागली आणि मी पहिली मोठी वस्तू घेतली ती टेपरेकॉर्डर. त्यावर पहिलं ध्वनिमुद्रण केलं ते दाजींचं. आमच्याच गावची जत्रा होती, दुपारचा फड होता. देवळासमोरच्या पटांगणात लाकडी फळ्यांचं स्टेज केलेलं. दाजी डफ घेऊन पुढं, मागं तीन झीलकरी, म्हणजे ध्रुपद उचलून धरणारे साथीदार, आणि कडेला तुणतुण्यावर खंडू. मी स्टेजच्या कोपऱ्यात मांडी घालून बसलो आणि माईक बांबूला सुतळीनं बांधला. सुरुवातीचा गण दाजींनी स्वतः बांधलेला होता. नमन देवाला न करता त्यांनी मातीला केलं होतं. 'मातीची ही काया, मातीची ही माया' असं उचलून चार ओळी, आणि शेवटच्या शब्दावर लांब हेल. त्या चार ओळी त्यांनी एका दमात म्हटल्या. झीलकरी तोंड उघडून वाट बघत राहिले, आणि हेल काही संपेना! कुठल्या तरी म्हाताऱ्यानं ओरडून म्हटलेलं त्या टेपवर आहे, "आरं, सोड की आता!" मग हशा, मग डफावर थाप. मी आयुष्यात केलेल्या कामांत ती टेप मला सगळ्यांत मोलाची वाटत आली.

पुढं बारा-तेरा वर्षं मी त्यांच्यामागून फिरलो. सुट्टी असेल तेव्हा कार्यक्रम गाठायचा, कॅसेट भरायची, पाठीवर गावाचं नाव लिहायचं आणि ठेवून द्यायची. ऐकायला वेळ कुठं मिळायचा? शाळा, बदल्या, संसार. चंदगडच्या ओलीनं कॅसेटींना बुरशी येते म्हणून मी त्या तांदळाच्या डब्यात ठेवत असे. दरम्यान दाजींचं नाव होत गेलं. कधी कोण जाणे, तो थांबा त्यांच्या गाण्यात आला आणि लोकांना भलताच आवडला. एका मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी लेख लिहिला. शाहिराला शब्द सगळेच देतात, शांतता देणारा शाहीर विरळा, असं काहीतरी मी मराठीच्या मास्तराला शोभेल असं लिहिलं होतं. दाजींनी तो माझ्यासमोर वाचला. वाचता वाचता हसायला लागले, हसण्याचा खोकला झाला आणि खोकला बराच वेळ थांबेना. डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, लई ग्वाड लिवलंसा." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं ठरवलं. या गोष्टीला सहा वर्षं झाली. पहिल्यांदाच मी त्या ओळीनं, एकामागून एक, कानाला हेडफोन लावून ऐकत होतो. कार्यक्रम दरवेळी त्याच गणानं सुरू व्हायचा. त्यामुळं माझ्यापुढे एकच गाणं, एकाच माणसाच्या गळ्यातून, वर्षावर्षाच्या अंतरानं येत होतं. पहिल्या टेपवर चार ओळी आणि हेल, एका श्वासात. दोन-तीन वर्षांनंतरच्या टेपवर तिसऱ्या ओळीनंतर श्वास. मला वाटलं, दमले असतील, आदल्या दिवशी रात्रपाळी असेल. त्याच्या पुढच्या टेपवर दुसऱ्या ओळीनंतर श्वास, आणि झीलकरी हेल यायच्या आधीच आवाज चढवून घेतलेले. म्हणजे हेल त्यांचा, दाजींचा नाहीच. मी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि सेकंद बघायला लागलो. मग ती टेप आली जिच्यात थांबा पहिल्यांदा आहे. मी आवाज मोठा केला. तुणतुण्याच्या खाली, अगदी तळाशी, कुकरची शिटी धरायच्या आधी वाफ सुटते तसा बारीक आवाज होता. दाजी श्वास आत ओढत होते... आणि तो आत जात नव्हता. पुढं पुसट शब्द आहेत, माईकपासून तोंड फिरवून खंडूला म्हटलेले. "वाजीव, वाजीव." खंडू वाजवत राहिला. मग लोकांच्या टाळ्या.

मी हेडफोन काढून ठेवले. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारच्या अंगणात बायका सांडगे घालत होत्या. पटांगणात हजार माणसांसमोर एक माणूस गुदमरत होता. आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि मी त्यावर लेख लिहिला होता.

दुसऱ्याच दिवशी मी कोल्हापूर गाठलं. अक्का बाजारात गेली होती. दाजी एकटेच होते. तोवर त्यांच्या नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती. मी मोबाइलवर घेतलेले ते तुकडे एकामागून एक त्यांना ऐकवले. ते डोळे मिटून ऐकत राहिले, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला होता. शेवटचा तुकडा संपल्यावर म्हणाले, "सापडलं म्हणा की तुमास्नी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझाच दम. मला ठावं नसंल?" ते उठले आणि डफाच्या खोळीतून घडी पडलेलं एक मोठं पाकीट काढलं. आत एक्स-रे होता, चार वर्षांपूर्वीचा. खिडकीच्या उजेडात धरला. फुप्फुसांवर बारीक पांढरे ठिपके, पिठाची चाळण झटकावी तसे. "डॉक्टर म्हणला, वाळू हाय ही. दगडाची धूळ. आत गेली की भाईर येत न्हाय. काम सोडलं तरी ती आपलं काम सोडत न्हाय."

"मग सोडलं का नाही? निदान त्या खात्यातून तरी बाहेर पडायचं."

"सागर लागलाय की तिथंच, आत्ताच. मशीनवर घेतलाय त्याला, धूळ न्हाय तिकडं. तो पर्मनंट व्हईपतोर मी तोंड उघडलं तर त्यालाबी काढतील माझ्याबरोबर." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आन् शालनला कळलं तर ती मला गाऊ देणार न्हाय. अजून दोन-तीन वर्सं गाईन म्हणतो. मास्तर, तिला बोलू नगा. शबुद द्या."

मी शब्द दिला. आज लिहितानाही मला कळत नाही, का दिला. मोठ्या माणसानं कधी नव्हे ते काही मागितलं होतं, म्हणून असेल. किंवा अक्कासमोर ते सांगायची हिंमत माझ्यात नव्हती आणि त्यांनी माझी सोय केली, असंही असेल. अक्का भाजीची पिशवी घेऊन आली तेव्हा पाकीट परत खोळीत गेलं होतं. तिनं आम्हाला चहा केला. "कसलं खलबत चाललंय रं दोघांचं?" तिनं विचारलं, आणि दाजींनी मोबाइल दाखवून म्हटलं, "जुनी गाणी ऐकतोय."

त्यानंतर मी त्यांच्या कार्यक्रमाला बसू शकत नसे. थांबा आला की मी स्टेजमागं जाऊन उभा राहायचो. खंडू तुणतुणं वाजवत त्यांच्या पाठीकडे बघत असायचा. त्यालाही सगळं माहीत होतं, आणि त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा स्टेजमागं तो मला म्हणाला, "आधी धा ठोके वाजवत हुतो मास्तर. आता तीस वाजवतोय." लोक मात्र खूश. नव्या पोरी-पोरांनी शाहिरी शिकायला घेतली तीही त्या थांब्यासकट. पल्लवी नावाची एक गुणी मुलगी दाजींकडे येत असे. धडधाकट, छाती भरून आवाज. तीसुद्धा गणाच्या दुसऱ्या ओळीवर थांबायची, डोळे मिटायची, आणि तशीच बारीक सूं करून श्वास ओढायची. दाजी तिला म्हणत, "तू कशापायी थांबतीस? तू म्हण की सरळ." ती हसायची. तिला वाटायचं, गुरुजी आपली परीक्षा बघताहेत.

दाजी निवृत्त झाले आणि वर्षभरातच जिना चढणं बंद झालं. अक्काला दाजींनी दमा म्हणूनच सांगितलं होतं. ती काढे करायची, दही बंद करायची, थंडीत कानाला मफलर गुंडाळायची. मग एके दिवशी डफाला वाळवी लागली की काय म्हणून तिनं खोळ झटकली आणि पाकीट खाली पडलं. पाकिटावर डॉक्टरनं 'धुळीचा आजार' लिहिलेलं, आणि तिला वाचता येतं. त्यावरची तारीखही तिनं वाचली. मला फोन आला, "विजू, ये." मी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती आणि एक्स-रे मांडीवर होता.

"तुला ठावं हुतं?"

मी मान हलवली.

"कवापास्नं?"

मी सांगितलं. तिनं आवाज चढवला नाही. आमच्याकडे बायका चिडल्या की गल्लीला ऐकू जातं, पण अक्का हळू बोलत होती आणि मला तेच सहन होईना. "तीन वर्सं मी त्येंला काढा पाजला. वाळूला काढा... आन् तू हितं बसून माझ्याच हातचा च्या पेत हुतास." ती उठून आत गेली. त्यानंतर पाच महिने ती माझ्याशी बोलली नाही. मी जायचो, दाजींपाशी बसायचो. ती चहाचा कप माझ्यासमोर ठेवायची आणि निघून जायची.

शेवटच्या वर्षी दाजी रात्रंदिवस मशीनच्या नळीवर होते. आडवं होता येत नसे. भिंतीला टेकून, पुढं उशी धरून बसायचे. बोलायचे ते दोन-दोन शब्द. जाण्याच्या तीन आठवडे आधी, दुपारी, त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "पैली... टेप," म्हणाले. मी अक्काकडे बघितलं. ती कोपऱ्यात ज्वारी निवडत होती. तिनं हो-नाही काहीच केलं नाही. मी मोबाइल उशीवर ठेवून ती जत्रेतली टेप लावली. डफाची थाप आली, लोकांचा गलबला आला, आणि मग तो तरणा, मोकळा, कशाचीच पर्वा नसलेला आवाज. दाजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं. त्यांचे ओठ हलायला लागले. पहिली ओळ, दुसरी ओळ. माझ्या उशिरा लक्षात आलं, की ते नुसते ओठ हलवत नव्हते. टेपवरचा ईश्वरा श्वास घेत नव्हता म्हणून हेही घेत नव्हते. तिसरी ओळ, चौथी. बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावरचा आकडा भराभर खाली यायला लागला आणि ते बारीक आवाजात टिटिट करू लागलं. ओठ जांभळे झाले, डोळे मोबाइलवर रोखलेले. टेपवर हेल सुरू झाला होता आणि तो संपत नव्हता... मी खिळून बसलो होतो.

"बंद कर ते!" अक्का सूप फेकून धावली. "बंद कर, विजू! त्येच्या मागं चालल्यात हे!" मोबाइल तिनंच उचलून बंद केला, दाजींचे खांदे धरले आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन आईनं लेकराला शिकवावं तसा मोठ्यानं श्वास घेऊन दाखवायला लागली. "घ्या... सोडा... घ्या..." बऱ्याच वेळानं आकडा वर चढला. खोलीभर ज्वारी सांडली होती. मी ती खाली बसून वेचायला लागलो. तीही माझ्यासमोर येऊन बसली आणि वेचायला लागली. "च्या करतो," ती म्हणाली. पाच महिन्यांनंतर ती माझ्याशी बोलली, ते एवढंच.

तेराव्यानंतर शोकसभा झाली. पल्लवीनं गण म्हटला आणि दुसऱ्या ओळीवर थांबली. सभागृहात कुणीतरी हुंदका दिला. मी उठून बाहेर गेलो. व्हरांड्यात सागर उभा होता. तो आता पस्तिशीचा आहे, बापासारखाच रुंद खांद्यांचा. मला म्हणाला, "मामा, ती पहिली टेप मला द्या. दादा कसं म्हणायचे, बघतो म्हणून." घरी आल्यावर मी ती लावली. अक्काही होती. सागर सोबत म्हणायला लागला. त्याला गळा आहे, कधी वापरला नाही एवढंच. पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर तो तुटला आणि हसून म्हणाला, "आपलं काम न्हाय हे."

माझी नजर अक्काकडे गेली, तिची माझ्याकडे. मी विचारलं, "सागर, तू मशीनवरच आहेस ना?"

त्यानं टेप बंद केली. "न्हाय. तीन वर्सं झाली. माणसं कमी पडली म्हणून फेटलिंगला टाकलंय. दादांना बोललो नव्हतो. त्यांना उगंच घोर."

त्या घरात बापानं लेकासाठी आणि लेकानं बापासाठी एकच गोष्ट लपवून ठेवली होती, आणि दोघांनाही आपण दुसऱ्याला वाचवतोय असं वाटत होतं. या वेळी मी थांबलो नाही. अक्कासमोर सगळं सांगितलं: टेपा, सेकंद, थांबा, खंडूचे तीस ठोके. सागरला ओळीनं ऐकवलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एक्स-रेला गेलो. डॉक्टरांनी फिल्म बराच वेळ उजेडावर धरली आणि वरच्या बाजूला पेनानं दाखवलं. थोडेच आहेत ठिपके, म्हणाले. धुळीतून आजच बाहेर पडा. वाढतील की तिथंच राहतील, ते आज कुणीच सांगू शकणार नाही. सहा महिन्यांनी परत या.

सागरनं त्याच आठवड्यात फाउंड्री सोडली. आता पहाटे गावोगावचं दूध गोळा करून आणणारा टेम्पो चालवतो, अकरापर्यंत घरी येतो आणि जेवून जरा पडतो. पल्लवीलाही मी बोलावून घेतलं आणि त्या टेपा ओळीनं ऐकवल्या. ती रडली. पुढच्या कार्यक्रमात तिनं गण न थांबता म्हटला. लोकांना म्हणे तो तितकासा रुचला नाही.

परवा मी अक्काकडे गेलो होतो. दुपारची वेळ, ती मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी वाटत होती. मिक्सर मधेच बंद झाला. मला वाटलं, वीज गेली. डोकावून बघितलं तर ती बटणावर बोट ठेवून, मान तिरकी करून, आतल्या खोलीकडे कान लावून उभी होती. दाजी आजारी पडल्यापासूनची तिची ही सवय. मशीनची घरघर आणि त्यांचा श्वास, दोन्ही ऐकू आल्याशिवाय ती मिक्सर पुन्हा लावत नसे. आतल्या खोलीत, दाजींच्या कॉटवर, सागर झोपला होता.

बऱ्याच वेळानं तिनं बटण दाबलं. चार-सहा फेरे झाले असतील नसतील, तिनं ते पुन्हा बंद केलं.